डाव्या कोपऱ्यातली खिडकी

सुवाच्या तळ्यावरच्या चढाला आमचा कारखाना.
तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या बाकावर
सत्तावीस वर्षं मी एकच काम करते:
कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या खिडकीतून
समोरच्या भिंतीवरची फुली बघते,
आतली उजळ चौकट तिच्यावर नीट बसली
की मान डोलावते. पुढचा.

पूर्वी दिवसाला चाळीस यायचे. आता सहा.
कधी सहाही नाहीत,
मग मी चिमटे पुसत बसते.

सोमवारी बैठक झाली.
टोकियोहून साहेब आलेले, विक्रीचा होन्जो,
हिशेबाची चिहाने, आणि पडद्यावर आलेख.
त्यात आमचा रकाना एवढासा,
कुणी पेन टेकवून उचलायला विसरल्यासारखा.
होन्जोच्या बोलण्याचा अर्थ, नाकापेक्षा मोती जड.
फोन फुकटात काढतो ते हा लाखांत काढतो,
झूम नाही, व्हिडिओ जेमतेम,
आणि खरं सांगायचं तर रेंजफाइंडरही नाही यात.
आरसा नाही, दोन प्रतिमा जुळवणारं यंत्र नाही,
नुसतं जुन्याचं रूप. सोंग.

मी मागच्या खुर्चीवर होते. मनात म्हटलं,
सगळी सोंगं आणता येतात रे बाबा,
पैशाचं तेवढं येत नाही,
एवढं मात्र तू बरोबर बोललास.

पण नाकाचंच काढलंस म्हणून सांगते.
बाकीच्या कॅमेऱ्यांत नाक पडद्यावर चेपतं,
तेलकट ठसा उमटतो,
समोरच्याला दिसतो एक काळा डबा
आणि दोन कोपरं.
यात नाकाला बाजूला जागा आहे.
डावा डोळा उघडा राहतो.
अर्धी मी अजून तिथेच असते, बोलण्यात.

माझ्या सासऱ्यांना, तोकुजींना, फोटोचा तिटकारा.
कॅमेरा दिसला की चेहरा दाराच्या कडीसारखा.
एका जानेवारीत होडीच्या शेडमध्ये
मी नापास झालेला एक नग डोळ्याला लावला,
वरच्या पत्र्यावर चरा होता म्हणून घरी मिळालेला.
ते माझ्या डाव्या डोळ्याशी बोलत राहिले:
वाकासागीच्या जाळ्याबद्दल, गुडघ्याबद्दल,
तळ्याच्या बर्फावरून ट्रक गेला होता त्या वर्षाबद्दल.
मी बटण दाबलं.
त्यांच्या खोकल्याहून हलका आवाज.
देवघरात आता तोच फोटो आहे,
तोंड उघडं, शब्द अर्ध्यावर.
कुठला शब्द ते मला माहीत आहे.
"जाड." बर्फ इतका जाड.

आणखी एक, जे आलेखात मांडता येत नाही.
या खिडकीतून चौकटीबाहेरचंही दिसतं.
त्या सकाळी चौकटीच्या उजवीकडे
शेजाऱ्याचं कुत्रं होतं,
ओलं, आत यावं की नाही अशा बेतात.
मी थांबले. ते आलं नाही.
फोटोत ते नाही,
पण सासऱ्यांची नजर जराशी तिकडे आहे.

बैठकीत शेवटी काय ठरलं?
मार्चपर्यंत चालू. मार्चनंतरचं विचारलं
तेव्हा साहेबांनी चहाच्या कपात पाहिलं.
काणाडोळा करायला दोन्ही डोळे लागतात
हे मला तेव्हा कळलं.

जेवणाच्या सुट्टीत चिहाने बाकापाशी आली.
तिनेच तो रकाना रंगवला होता.
"कर्मचाऱ्यांना कितीला पडतो हा? हप्त्याने?"
मी म्हटलं, तुला ठाऊक आहे ना याचं काय होणार?
म्हणाली, "फोन काढला की माझा मुलगा
दोन बोटं वर करतो.
चार वर्षांचा झाला.
दोन बोटांशिवाय त्याचा एकही फोटो नाही माझ्याकडे."

मी तिला खिडकी दाखवली.
आधी तिने डावा डोळा घट्ट मिटला,
सगळेच मिटतात.
उघड, म्हटलं. दोन्ही.
भिंत, फुली, चौकट, मी,
सगळं एकदम आलं असावं, कारण ती हसली
आणि कॅमेरा तिच्या हसण्याच्या आड आला नाही.

तळं याही वर्षी गोठलं नाही.
देवळातले लोक पहाटे जाऊन पाहून येतात,
वहीत लिहितात: पाणी.
तरी उद्या पुन्हा जातात.

आज दुपारी बाकावर सातवा आला.
फुली केसभर उजवीकडे.
मी पेचकस उचलला.